डिंगोऱ्याच्या उतारावर ब्रेक गेला तेव्हा

नवी नोकरी, जुनी मारुती आणि हाती आलेलं लायसन्स. एवढ्या भांडवलावर मी अण्णांना म्हटलं, "चला, ओझरला जाऊन येऊ." माझे वडील अण्णा एसटीचे ड्रायव्हर. डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्यांची गाडी सुटली, तेव्हापासून ते कुणाच्याही गाडीत मागेच बसत, डोळे मिटून.

पुण्याहून सकाळी लवकर निघालो, नारायणगावात मिसळ खाल्ली. विघ्नहराचं दर्शन निवांत झालं. पुढे ओतूरवरून मढपर्यंत जाऊन धरणाचं पाणी पाहिलं. इथवर रस्ता ठीक आहे.

परतताना डिंगोऱ्याच्या अलीकडे उतार लागला. समोर शेळ्या. ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं!

"अण्णा, ब्रेक लागत नाहीये!"

मागून खांद्यावर हात आला. "घाबरू नको. पाय पटापट मार. खालचा गियर टाक. आता हँडब्रेक, हळूहळू."

चार-पाचदा दाबल्यावर पेडल थोडं वर आलं. गाडी बाजरीच्या बांधाला टेकून थांबली. शेळ्यांमागची बाई धावत आली. "लागलं न्हाई ना, बाई? बसा हितं, पाणी प्या." तिचा नवरा मोटरसायकल काढून ओतूरहून सलीमभाई मिस्त्रींना घेऊन आला. तोवर त्या माउलीनं पिठलं-भाकरी वाढली.

सलीमभाईंनी आधी ब्रेक ऑइलची डबी पाहिली, ती जवळजवळ रिकामी. "पंप केल्यावर पेडल वर येतं ना? मग ब्रेकच्या पाइपात हवा शिरलीया." मागचं चाक आतून ओलं होतं. "हा बघा, इथला सिलिंडर गळतोय."

सामान बदललं. आता हवा काढायची, म्हणजे एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट सोडायचा. "चाचा, बसता का?"

अण्णा घुटमळले. मग किती वर्षांनी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"दाबा. धरून ठेवा. सोडा."

प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उजळत गेला. "आता कडक लागतंय, राव!" ते ओरडले.

पेडल मऊ लागलं, तर माझ्यासारखं "बघू नंतर" म्हणू नका. ऑइल बघा, चाकं आतून बघा, घाट चढूच नका.

परत निघताना अण्णा पुढे बसले. मंचरला चहा घेतला, तोवर ते एसटीतले किस्से सांगत होते. घरी आईनं विचारलं, "प्रवास कसा झाला?"

ते चपला काढत म्हणाले, "पोरीनं गाडी चांगली सावरली."

त्यांच्या तोंडून माझ्या ड्रायव्हिंगबद्दल निघालेलं ते पहिलंच वाक्य. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि मग बराच वेळ नळ चालूच ठेवला.