भाऱ्याखालचं माणूस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळं ड्रायव्हरशिवाय गाडी कशी चालते ते मला विचारू नका. पण ती माणसाला ओळखते का नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढंच सांगणार आहे.

तासगावच्या रस्त्याला आमचा फाटा आहे. दोन्ही अंगाला ऊस. ऊस वाढला की वळणापलीकडचं काही दिसत नाही. गेल्या साली तोडीच्या दिवसांत माझी कारभारीण वाड्याचा भारा डोक्यावर घेऊन तिथं रस्ता ओलांडत होती. वाडं म्हणजे उसाचा शेंडा, जनावरांना घालतात. जीपवाल्यानं उडवली. जागेवरच गेली. तो गडी पोलिसांपुढं म्हणाला, "मला वाटलं झुडूप हलतंय." उभा जन्म माझ्या घरात राबलेली बाई, आणि ह्याला झुडूप दिसली.

यंदा एक कंपनी आली. शहरात सिग्नल आणि रस्त्यावरचे कॅमेरे बसवणारी. आता कुठल्याशा कॉलेजाबरोबर आपोआप चालणाऱ्या गाडीवर तिचं संशोधन चाललं होतं, आणि त्यासाठी खेड्यातला रस्ता पाहिजे होता. फाट्यावर खांब रोवायचा, त्याला कॅमेरे. वळणापलीकडं कोण आहे ते खांबानं बघायचं, येणाऱ्या गाडीला कळवायचं, गाडीनं आधीच दमानं घ्यायचं. खांबाला जागा माझ्या बांधावर पाहिजे होती. मी म्हटलं, रोवा. भाडं नको. का नको, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गाडीत ड्रायव्हर असायचा, पण हात मांडीवर ठेवून. मागं साताऱ्याची एक शिकलेली पोरगी पडद्याकडं बघत बसायची. माणूस दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट यायची, म्हसरू दिसलं की पिवळी. एकदा मला शेजारी बसवलं. शाळेची पोरं गेली, चौकटी आल्या. दूधवाला गेला, चौकट आली. मग आमच्या भावकीतली सून वाड्याचा भारा घेऊन आडवी गेली. वाडं पार गुडघ्यापर्यंत लोंबत होतं, तोंड दिसत नव्हतं. चौकट आलीच नाही.

"हिला का न्हाई?"

"आजोबा, यंत्राला हे अजून शिकवलं नाही. असे फोटोच नाहीत आमच्याकडं."

"मग त्याला काय वाटलं असंल?"

पोरगी खोटं बोलली नाही. "झाडझुडूप," म्हणाली.

मी दार उघडून खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांचे साहेब आले. चावडीपुढं मंडळी जमवली आणि पिशवीतून दोरी लावलेली काळी डबी काढली. "शेतात जाणाऱ्या बायकांनी ही गळ्यात घालायची. पुढं माणूस आहे हे गाडीला आपोआप कळतं. फुकट देतोय." मंडळी खूश. मी उठलो.

"साहेब, गळ्यात घंटा गुरांच्या बांधत्यात."

"तात्या, ऐका तरी," सरपंच म्हणाले.

"ऐकलं की. डबी घरात राहिली, न्हाईतर सेल संपला, आन् बाई मेली, तर चूक कुणाची? तिचीच व्हय? डबी का घातली न्हाईस म्हणून?"

साहेब म्हणाले, "काका, यंत्राला शिकवायचं तर भाऱ्याखालच्या माणसाचे ढीगभर फोटो लागतात. सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे. भारा घेऊन कोण चालणार एवढं?"

"मी चालतो."

हशा पिकला. आमच्याकडं बाप्या माणूस भारा मोटारसायकलला बांधून आणतो. डोक्यावर आणतात त्या बाया.

कारभारणीची चुंबळ खुंटीला होती तशीच होती, जुन्या लुगड्याचं वेटोळं. ती डोक्यावर ठेवली. भारा एकट्याला उचलत नाही, त्या सूनबाईनं हात दिला. गाडी लांब उभी केलेली. मी फाटा ओलांडला, परत आलो, परत गेलो. चहाच्या टपरीवरनं एकजण ओरडला, "आवं तात्या, जरा कंबर हलवा की!"

"तू ये, तुझी हलती का बघू," मी भाऱ्याखालनंच म्हटलं.

भाऱ्याखालनं रस्ता टीचभर दिसतो. गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. कारभारीण असा किती रस्ता चालली असेल! डोळ्यांत पाणी आलं तेही कुणाला दिसलं नाही. वाडं आडवं होतं.

तेव्हापासून चालतोय. पोरगी फोटो काढते, यंत्राला दाखवते. आधी नुसत्या पायांना चौकट आली. मग अख्ख्या माणसाला येऊन जायला लागली. काल साहेब परत आले. डब्या काही बायांनी घेतल्यात, ज्यांना घालायच्या त्यांनी घालाव्यात, माझी ना नाही. साहेब मला म्हणाले, "काका, आता थांबा, मान मोडून घ्याल. बरंच जमलंय यंत्राला."

"बरंच म्हंजे?"

"म्हणजे बहुतेक वेळा ओळखतंय."

"तुमची आई भारा घेऊन रस्त्यात आसंल तवा बहुतेक चालंल व्हय?"

मी बांधावरची चुंबळ उचलली, डोक्यावर बसवली आणि सूनबाईला हाक मारली, "ये गं, हात दे भाऱ्याला."