कंप्युटरातला विनोद

हौसाबाईंचा विनोद ‘कंप्युटरात’ आहे, हे रत्नागिरीजवळच्या, भाट्याच्या पुलापलीकडच्या त्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विहिरीवर, रेशनच्या रांगेत, देवळात, जिथे चार डोकी दिसतील तिथे हौसाबाई सांगायच्या. आणि खरं काय होतं? विनोद मुंबईत कंप्युटर विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात खोकी उचलायचा. पहिल्या वर्षी आईनं फोनवर विचारलं, ‘काम कसलं रे?’ हा म्हणाला, ‘कंप्युटरचं.’ तसं खोटं नव्हतंच. पण त्या एका शब्दावर माउलीनं अख्खा इंजिनीअर उभा केला, आणि या बाबानं तो पाडला नाही. पाडायला हवा होता.

मग वाडीतून फोन सुरू झाले. कुणाचा कंप्युटर रखडतो, कुणाचा मध्येच बंद पडतो. विनोद गोदामात येणाऱ्या इंजिनीअरांच्या गप्पा कान देऊन ऐकायचा, उरलेलं यूट्यूबवर बघायचा आणि झोकात सल्ले द्यायचा. ‘मागची भोकं भिंतीला चिकटवू नका, गरम हवा बाहेर जाऊ दे.’ ‘आपल्याकडे वाऱ्यात खार, रॅम काढून तिची सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसा.’ ‘काही करायच्या आधी कॉपी काढून ठेवा.’ सल्ले खरे होते, गुणही यायचा. गुण आला की याची छाती फुगायची.

शिमग्याला तो गावी आला तेव्हा शेजारची दर्शना वाटच बघत होती. नवरा मुंबईला, आणि ही घरी बसून लग्नांचे अल्बम जुळवायची. तिचा कंप्युटर चालू होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा. ‘वयनी, जुनी डिस्क राहू दे, जोडीला नवी वेगवान डिस्क, एसएसडी बसवू. पळेल बघा,’ असं विनोदनं फोनवर फर्मान काढलं होतं, आणि ती एसएसडी तो घेऊनही आला होता.

झाकण उघडलं तर आत धूळ ही एवढी. इंजिनीअर लोक हवेच्या झोतानं धूळ उडवतात हे त्यानं पाहिलं होतं. साधा ब्रश मागितला असता तरी भागलं असतं. पण दर्शनाच्या ओटीवर हौसाबाई ऐटीत बसलेल्या, मागे वाडीतल्या चार बायका. ब्रशानं काय शोभा येणार? त्याची नजर शेजारच्या अंगणात गेली. तिथे आंब्याची कलमं राखणारे आप्पा होते, आणि त्यांचा पाठीवरचा फवारणीचा पंप भिंतीला टेकवलेला.

‘टाकी रिकामी आहे ना, आप्पा?’

‘रिकामीच हाय रे.’

टाकी रिकामी होती. नळीत काय उरलंय ते ना यानं बघितलं, ना त्यांनी.

पंप घरघरला. आधी धूळ उडाली, बायका खोकल्या, हौसाबाई कौतुकानं हसल्या. आणि मग आंब्यावरच्या औषधाचा फवारा फस्सकन आत. विनोदनं रुमालानं वरवर पुसलं. बायकांना काही कळलं नाही, त्याला कळलं होतं. तरी माणसं बघतायत म्हणून गाढवानं बटण दाबलं. दिवा लागला, चर्र झालं, जळका वास आला. त्यानं वायर उपटली.

‘भावोजी, फोटो आहेत ना पण?’ दर्शना रडकुंडीला आली. ‘दोन लग्नं आहेत त्यात. फोटोग्राफरनं कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरली. माझ्याकडे कॉपी नाही.’

कॉपी काढली का, हे दुनियेला विचारणाऱ्यानं आज विचारलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर पाषाण कोरडाही राहिला नव्हता.

‘रडू नको गो बायो,’ हौसाबाई उठल्या. ‘माझा विनोद हाय ना हितं. मुंबईत ह्याच्या हाताखालून रोज शेकड्यानं जातात. परत लाव रे बटण.’ आणि त्यांनी स्वतःच वायर खोचायला घेतली.

पावसात भिजलेली खोकी गोदामात परत यायची, तेव्हा साहेब एकच गोष्ट ओरडून सांगायचे, भिजलेल्याला वीज लावायची नाही. आता वीज लागली की डिस्कही जाणार, दोन्ही लग्नं जाणार. दुकानात नेली तर वाचेल. पण दुकानाचं नाव काढलं की आई विचारणार, दुकान कशाला, तू आहेस ना?

त्यानं आईचा हात धरला. ‘नको, आये. मला यातला काय येत नाय.’

‘असा काय बोलतंस?’

‘मी कंप्युटरात नाय. गोदामात खोकी उचलतो मी. टेंपोत भरतो, उतरवतो.’

चार बायकांसमोर बोलला. कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. हौसाबाईंनी वायर खाली ठेवली, पदर सावरला आणि कुणाकडे न बघता घरी गेल्या. बायका पांगल्या. एकीनं तोंडाला पदर लावला तो हसू दाबायलाच, हे त्यानं पाहिलं.

दर्शना आणि तो रिक्षानं रत्नागिरीला गेले. दुकानातल्या माणसानं डिस्क काढली, साफ करून वाळवली आणि दुसऱ्या मशीनला लावली. बोर्ड मेला होता, फोटो मात्र सगळे होते. ‘फोटो वाचले ना, भावोजी, पुरे झालं,’ दर्शना म्हणाली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी आई चुलीपाशी होती. शिव्या देईल, रडेल, वाडीत नाक कापलंस म्हणेल, या तयारीनं तो पानावर बसला. तिनं भाकरी वाढली, बांगड्याचं कालवण ओतलं. त्यानं मान खाली घालून जेवायला घेतलं. आई बराच वेळ त्याच्या खांद्यांकडे बघत होती.

‘जड असतात काय रे खोकी?’ तिनं विचारलं.