तुळशीचं पान काढलेली सीडी

रेवदंड्याच्या नाक्यावरचं सदाचं दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, मोबाइलच्या कव्हरांच्या माळा आणि गिऱ्हाइकाला टेकायला बाहेर एक बाकडं. लोक लग्नाची, बारशाची, सत्यनारायणाची शूटिंगं कॅमेऱ्यात भरून आणायचे आणि सदा त्यांच्या सीड्या करून द्यायचा, घरच्या सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून बघायला. माणूस तसा गरीब. पण चौकशा फार करायचा. रखमाला नेमकं तेच खटकलं.

हरतालिकेचा दिवस होता. रखमाच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. लेक सनीने दोन वर्षांपूर्वीच्या गौरीगणपतीत घेतलेलं सगळं शूटिंग नखाएवढ्या कार्डात होतं, ते तिने पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. औंदा दोन्ही नणंदा माहेरी येणार, त्यांना त्यांच्या फुगड्या दाखवायच्या एवढाच तिचा बेत.

सदाने कार्ड लावलं, चित्र थांबवलं आणि पेनाचं टोपण पडद्याला लावलं.

"ह्या कोण, वहिनी?"

"थोरली नणंद."

"कुठं दिलेय?"

"किहीमला."

"आणि ह्या?"

"धाकटी. श्रीवर्धनला."

"आणि हे बाबा? घरातले थोरले ना? आहेत ना?"

 पडद्यावर रखमाचे सासरे, भागोजीबाबा, तोंडभर हसत होते. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पण वाडीच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव होतं, आणि दलाल लोक असलीच घरं हुडकत फिरतात, एखाद्या वारसाला गाठून सही घेतात, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. नवऱ्याने, तुळशीरामने, बजावून ठेवलं होतं, "भायेरच्याला बाबांचं काय बोलू नको." आणि इथे बाकड्यावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस फोनवर कुणाला तरी गुंठ्याचा भाव सांगत बसलेला! मुली कुठे दिल्या, थोरलं कोण, आहेत का गेले... सीडीवाल्याला हे कशाला हवं?

"हायत तर!" रखमा म्हणाली. "मुंबईला असतात, माझ्या दिराकडं. ठनठनीत हायत."

उपासाच्या दिवशी खोटं बोलले म्हणून तिने मनातल्या मनात देवापुढे नाक घासलं.

"संध्याकाळी या, वहिनी. वेळ लागेल."

"बसते मी."

"उपास ना तुमचा?"

"उपासाला बसायची बंदी न्हाय."

सीडी हातात पडल्यावरही ती हलेना. "आता तुमच्या त्या डब्यातलं पुसा."

"पुसलं."

"परत पुसा."

"पुसलेलं परत कसं पुसू?" सदा हसला. ते हसूही तिला सरळ वाटलं नाही.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी घर भरलं होतं. सासूबाई, मनुबाई, टीव्हीसमोर पाट घेऊन बसल्या. सनीने सीडी लावली. फुगड्या यायच्या आधी पडदाभर झेंडूच्या माळेत भागोजीबाबा आले आणि खाली अक्षरं: 'आमच्या घरचे थोरले. शतायुषी व्हा!'

नणंदांच्या हातातले करंज्यांचे तुकडे हातातच राहिले. मनुबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि विचारलं, "काय लिवलंय त्ये?"

 सनीने हळूच वाचून दाखवलं. मनुबाईंनी रखमाकडे पाहिलं. रखमाचा चेहराच सगळं बोलून गेला.

"तू सांगितलंस त्याला, हे हायत म्हनून?"

"वाडीच्या भीतीनं, आये..."

"वाडी ऱ्हाईल न्हायतर जाईल. मी हितं कपाळ उघडं घेऊन बसलेय, आनि तू ह्यांना जित्तं करून मुंबईला धाडलंस?" म्हातारीचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "जा, आनि त्याला खरं सांगून ये."

विसर्जन झालं आणि रखमा पुन्हा नाक्यावर गेली, ती तणतणतच. "तुमाला कोनी सांगितलेला शतायुषी लिवायला?"

सदाने ऐकून घेतलं. मग खण उघडून दोन-तीन सीड्या पुढे ठेवल्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईने तुळशीचं पान काढलेलं.

"धंदा नवा होता तेव्हा एका घरी सीडी दिली. लावली, तर गेलेला लेक समोर नाचतोय. त्याची आई पडली ती दवाखान्यातच शुद्धीवर आली. तेव्हापासून गेलेल्यांची सीडी वेगळी करतो. पान बघून घरच्यांनी ठरवायचं, कधी लावायची. हयात थोरले असले तर ते पहिले, सगळ्यांनी पाया पडायला."

"मग तसं विचारायचं ना सरळ!"

"सणाच्या तोंडावर उपाशी बाईला 'गेले का' असं कसं विचारू, वहिनी? म्हणून 'आहेत ना' म्हणतो."

 पांढऱ्या शर्टवाला आजही बाकड्यावर होता. रखमाची नजर तिकडे गेलेली सदाने पाहिली आणि आवाज खाली आणला. "तो सावलीला बसतो, मी उठ कसं म्हणू? पण बाबा नसतील, तर वारसांची नोंद आधी करून घ्या."

"नोंद न्हाय झाली हे तुमाला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. 'मुंबईला असतात' म्हणणाऱ्या घरांत बहुतेक तेच असतं."

हे भल्यासाठी की माहिती काढून घेण्यासाठी, रखमाला उमगेना. पण सासूचा शब्द पाठीशी उभा होता. तिने पदराची गाठ सोडली, कार्ड टेबलावर ठेवलं आणि बाकड्यापर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामंजी गेले. शिमग्यानंतर."

परक्या माणसापुढे हे ती पहिल्यांदाच बोलत होती.

सदाने मान हलवली, कोरी सीडी काढली आणि हिरवं पेन उचललं. रखमाने आतलं स्टूल ओढून असं ठेवलं, की पडदाही दिसावा आणि पांढरा शर्टही.

"झालं की पुसा," ती म्हणाली.

"दोनदा," सदा म्हणाला.