जनीकाकूंच्या हॉलमधला कॅमेरा

किस्से जमवावे लागत नाहीत. तीन बायका रोज सकाळी भाजी निवडायला एकत्र बसल्या की ते आपोआप साठतात, आणि त्यात आमची पनवेलची सोसायटी म्हटल्यावर विचारूच नका! तिघी म्हणजे मी, समोरच्या मुमताजभाभी आणि ज्यांच्या हॉलमध्ये आमचा अड्डा त्या जनीकाकू. काकू मूळच्या उलव्याकडच्या. मुलाने, निलेशने, त्यांना इथे फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः बायकोला घेऊन दुबईला गेला. आई एकटी, म्हणून हॉलमध्ये बोलणारा स्मार्ट कॅमेरा बसवला. ॲपवर बायकोला, सासूला, मेव्हण्यालाही जोडलं. काळजी सगळ्यांनाच!

*

पहिल्याच दिवशी भिंतीवरून आवाज आला, "आई, पंखा कमी कर, सर्दी होईल."

काकूंनी मानही वर केली नाही. "येऊन कर!"

*

मुमताजभाभी आत आल्या की डोक्यावर ओढणी घेऊन आधी कॅमेऱ्याला सलाम करायच्या. "बच्चा देखता होगा, सलाम तो बनता है!"

एकदा त्या तासभर आपल्या मियाँच्या घोरण्याबद्दल बोलल्या. उठायच्या वेळी कॅमेऱ्यातून उत्तर आलं, "वालेकुम सलाम, भाभी."

त्यांच्या हातातली मेथीची जुडी खालीच पडली.

*

मग माझा नंबर लागला. जावेच्या शंकरपाळ्या दातांनी फुटत नाहीत, असं मी काकूंच्या हॉलमध्ये बोलून गेले. जाऊ राहते खारघरला, नेमकी निलेशच्या सासूच्याच बिल्डिंगमध्ये!

रविवारी बाईसाहेब आल्या त्या खलबत्ता घेऊनच. "घ्या ताई, शंकरपाळ्या खायला लागेल."

*

काकूंनी वैतागून कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. लगेच वॉचमन धापा टाकत दारात हजर. "साहेबांचा फोन आला, आई दिसत नाहीत म्हणून!"

काकू मासे कापायची विळी हातात घेऊनच दारात गेल्या. "दिसली? आता जा!"

टॉवेल मात्र काढावा लागला. भाभी येईनाशा झाल्या, मीही दारातूनच डबा देऊन पळायला लागले. एकदा काकूंनी माझा हात धरला. "पोरान घर दिला न मानसा नेली गो." मला फार वाईट वाटलं. आपल्याच घरात बाई एकटी पडली होती, आणि तीही काळजीपोटी!

*

त्यानंतर काकूंच्या भाच्याची हळद ठरली. त्यांच्याकडे हळदीला बायका घरातल्यांची खोडी काढणारी गाणी रचून म्हणतात, आणि त्यात पहिला आवाज काकूंचा. गावच्या बायका सरावाला काकूंच्याच हॉलमध्ये आल्या. काकूंनी आम्हा दोघींनाही ओढून नेलं, सगळ्यांना बरोब्बर कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि नवरदेवाला सोडून निलेशलाच धरलं!

"माजा निल्या लय गो शूर, कोंबरी बघून पलतो दूर!"

बायकांनी टाळ्यांवर ठेका धरला. दुसऱ्या कडव्यात शाळेत ओली झालेली चड्डी आली. तिसऱ्यात कॉलेजातली कोणी सुनीता यायला लागली, तशी भिंत ओरडली, "आई, थांब! सासूबाई ऐकतायत!"

"ऐकू दे की. मना काय लपवायचा नाय. तुना हाय?"

काकूंनी घसा साफ केला आणि पुन्हा सुनीतेपासून सुरुवात केली.

"आई, काढतो गं कॅमेरा!"

संध्याकाळच्या आत माणूस येऊन कॅमेरा काढून गेला. काय आनंद झाला म्हणून सांगू! भाभींनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले.

*

काढलेला कॅमेरा काकूंनी ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला बोलावून मागच्या गॅलरीत लावून घेतला. तिथे त्यांचे बोंबील वाळत असतात आणि खालच्या मजल्यावरची मांजर कायम टपलेली असते. मधलं दार घट्ट लावून आम्ही हॉलमध्ये पुन्हा हवं ते, हव्या त्या आवाजात बोलतो.

काल गप्पा अगदी रंगात आल्या होत्या. तेवढ्यात दारापलीकडून निलेशचा आवाज आला, "शुक! शुक! आई, मांजर आली! मी मीटिंगमध्ये आहे गं!"

काकू मेथी निवडता निवडता ओरडल्या, "मीटिंग मंग कर! आदी बोंबील बघ!"