करणीची कादंबरी आणि अर्धी भाकरी

आमच्या चौसाळ्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल प्रत्येकाला ऐकवतात, "करणी-भानामती समदं थोतांड हाय." पण शहरातल्या भुताखेतांचा छडा लावणाऱ्या गुप्तहेरांची ती जाडजूड कादंबरी परत आली, की ते आधी तिची पानं मोजतात, मग तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून दारातल्या कुत्र्याला टाकतात. स्वतः मात्र ती वाचत नाहीत. "चष्म्याचा नंबर वाढलाय," म्हणतात, आणि त्याच चष्म्यातून पेपरातल्या बारीक जाहिराती वाचत बसतात.

परवा ती कादंबरी संपवली आणि मी तापाने पडलो. चौथ्या दिवशी ग्रंथपाल दारात. पुस्तक मागतील म्हणून मी ते उशाखालून काढलं, तर त्यांनी खिशातून भाकरी काढून अर्धी माझ्यावरून ओवाळली. मग खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "शेवटी करणी करणारा कोन निघतो हो?"

कादंबरीत तो ग्रंथपालच निघतो. मला काही ते सांगवेना.

"शेवटची पानंच फाटलीत," मी म्हणालो.

"समदे असंच म्हणतेत," ते म्हणाले. "पण पानं तर दर खेपेला पुरी भरतेत."

आणि उरलेली अर्धी भाकरी त्यांनी स्वतःवरून ओवाळून टाकली.