पँट्रीच्या फ्रीजमधला हिवाळा

सिंगापूरमध्ये ऑर्किड असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. लिफ्टसमोर, बँकेच्या काउंटरवर, मॉलच्या स्वच्छतागृहात, सगळीकडे ती असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. माझ्या ऑर्किडला मात्र हिवाळा लागायचा.

ते मला मरीन परेडला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या अंकलनी दिलं. ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते आणि मुलीच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती. ऑर्किड आणि फ्रीज यांचा संबंध मला कळेना, तेव्हा त्यांनी समजावलं. हे स्लिपर ऑर्किड थंड देशातलं. तिकडे लोक ते बागेत किंवा कुंडीत लावतात. थंडी पडली की वरचं सगळं वाळून जातं, खाली मुळं बर्फात झोपतात, आणि वसंतात जोड्याच्या आकाराचं फूल येतं. अंकलनी ते रीतसर कागदपत्रं करून मागवलं होतं. दर डिसेंबरमध्ये ते मुळं कुंडीतून काढायचे, ओल्या शेवाळात गुंडाळायचे आणि मार्चपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचे. चार वर्षांत एकदाही फूल आलं नव्हतं.

"मध्येच उठवलंस तर मेलं," ते म्हणाले.

मी घेतलं. तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही.

आमच्या घरच्या फ्रीजमध्ये ते नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले, तर आई सिंकमध्ये मुळं धूत होती. शेजारी गॅसवर दूध तापत होतं.

"आत्यानं शतावरी पाठवली आणि मला कोणी सांगितलंही नाही," आई म्हणाली.

"आई, ते झाड आहे."

"शतावरी काय मग, दगड असते?"

"ते झोपलंय."

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या मुळांकडे. "तिथे नैवेद्याचं दही असतं. माझ्या फ्रीजमध्ये कोणी झोपायचं नाही."

"बाहेर बत्तीस डिग्री आहे. जाणार कुठे ते?" बाबा फोनवरची नजर न हलवता म्हणाले.

"तिच्या ऑफिसात. तिथे स्वेटर घालून बसते ना रोज?"

अशा रीतीनं ऑर्किड पाया लेबारला, माझ्या ऑफिसात आलं. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत एक मोठा फ्रीज आहे आणि त्याला एकच नियम: प्रत्येक वस्तूवर नाव आणि तारीख हवी, नसेल तर शुक्रवारी चार वाजता ती वस्तू कचऱ्यात. मला तिथे लागून आठ महिने झाले होते आणि मी फ्रीजमध्ये कधी काही ठेवलं नव्हतं. डब्यावर नाव असलं की लोक डब्याबद्दल विचारतात, आणि मग पिठलं म्हणजे काय ते इंग्रजीत सांगत बसावं लागतं. म्हणून मी खोका खालच्या कप्प्यात ठेवला आणि त्यावर नावाऐवजी इंग्रजीत लिहिलं: "कृपया हलवू नका. झोपलंय." हा मजकूर मी बराच विचार करून ठरवला होता.

पहिले काही शुक्रवार निभावले, कारण सफाई करणाऱ्या आंटींचा त्या खोक्याला हात लावायचा धीर होत नव्हता. मग एका सोमवारी, ऑफिसची व्यवस्था बघणाऱ्या मॅनेजरनी उघड्या खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. "हे कोणाचं? आणि झोपलंय म्हणजे काय?"

दुपारपर्यंत तर्कांना ऊत आला. जिनसेंगची औषधी मुळी. वाळवलेला ऑक्टोपस. कोळी. माझ्यासारख्याच एका भारतीय सहकाऱ्यानं विचारलं, व्हेज आहे की नॉनव्हेज, तेवढं सांगा. मंगळवारपासून त्या कप्प्यात कोणी काही ठेवेना. बुधवारी माझा टीम लीड माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाला, "मला वाटतं अकाउंट्सवाल्यांचं आहे."

"असेल," मी म्हटलं. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

गुरुवारी मेल आली की उद्या चारला पेस्ट कंट्रोल येणार. हिवाळ्याचे पाच आठवडे शिल्लक होते.

शुक्रवारी चारला पँट्रीत अकरा माणसं होती. पेस्ट कंट्रोलवाल्यानं हातमोजे चढवले. आंटी पुढे झाल्या. "जिनसेंगच आहे. फेकायचंच तर मला द्या, सूप करते."

"मालक नाहीच कोणी. घेऊन जा," मॅनेजर म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. आंटींनी पिशवी उघडली.

"ते माझं आहे," मी म्हटलं. मायक्रोवेव्हच्या घुरघुरीत कोणालाच ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं, आणि नेमका त्याच क्षणी मायक्रोवेव्ह थांबला, त्यामुळे मी ओरडल्यासारखं झालं. सगळे वळले.

"काय आहे हे?"

"ऑर्किड."

"ऑर्किड खाली लॉबीत आहेत."

"याला हिवाळा लागतो."

टीम लीड माझ्याकडे बघत होता.

"हा फ्रीज फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी आहे," मॅनेजर म्हणाले. "हे खाता येतं?"

"हो म्हण," आंटी माझ्या कानाशी पुटपुटल्या.

"नाही येत," मी म्हटलं. "पण मार्चअखेर मी ते घेऊन जाईन. आत्ता काढलं तर ते मरेल. एका म्हाताऱ्या माणसानं चार वर्षं सांभाळलंय. आणि घरी नेलं तर आई ते दुधात उकळेल." शेवटचं वाक्य कोणाला कळलं नाही. आंटींनी मात्र मान डोलावली.

पेस्ट कंट्रोलवाल्यानं शेवाळ बाजूला केलं. मुळांच्या मधोमध एक पांढरट, टोकदार कोंब होता. त्यानं हातमोजे काढले. "जिवंत आहे. पण कीड नाही. माझ्या फॉर्ममध्ये याच्यासाठी रकाना नाही."

मॅनेजरनी बराच विचार केला. कप्पा तसाही आठवडाभर रिकामाच होता. त्यांनी मला लेबल आणि पेन दिलं. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली.

"ही एक्सपायरी?"

"नाही. उठण्याची."

एप्रिलमध्ये मी कुंडी माझ्या टेबलावर, एसीच्या झोताखाली ठेवली. थंड देशातल्या वसंताच्या सगळ्यात जवळ जाणारी या शहरातली जागा म्हणजे आमचं ऑफिस. कोंब वर आला, घड्या घातल्यासारखी दोन पानं उलगडली आणि तिथेच थांबली. महिनाभर अख्खा मजला येता-जाता वाकून बघत होता.

"इतकं करून नुसती पानं?" टीम लीडनं विचारलं.

"त्याला अजून थंडी हवी होती. सुरुवातीला आईनं गरम पाण्यानं धुतलं होतं ना."

"मग पुढचा हिवाळा कधीपासून?"

"एक डिसेंबर."

त्यानं तिथल्या तिथे कॅलेंडर उघडलं आणि साऱ्या मजल्याला निमंत्रण पाठवलं: हिवाळा, पँट्री, खालचा कप्पा. त्या वेळेला आमची तिमाही आढावा बैठक होती. ती पुढे ढकलण्यात आली.