माफीच्या टेकडीवर बोगुमिला

बोगुमिला, चर्चच्या मासिकाला तुझ्यावर चार ओळी हव्या आहेत. यंदा तू तिसाव्यांदा चेन्स्तोखोवाच्या मरियामातेच्या यात्रेला चालत गेलीस म्हणून. "भाविक, सोशिक, मितभाषी, असं काहीतरी लिहा," असं फादर झेनोन म्हणाले. तू मितभाषी नाहीस आणि मी सोशिक नाही, तेव्हा जे झालं तेच लिहिते. रागावायचं तर रागाव.

एकतीस वर्षं तू पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसलीस. त्यामुळे यात्रेत कुणाचीही पिशवी उचललीस की वजन सांगायचीस. "अकरा किलो. ताई, मरियामातेला भेटायला इस्त्री कशाला लागते?" आणि आतून इस्त्री खरंच निघायची. कुणाच्या पायाला फोड आला की सुईत दोरा ओवून तो आरपार काढायचीस. डॉक्टरभाऊ पोहोचेपर्यंत निम्मा गट तू शिवून टाकलेला असे.

खरी खोड दिसायची ती टेकडीवर. नवव्या दिवशी, देवळाचा मनोरा दिसायच्या आधी, त्या टेकडीवर सगळ्यांनी एकमेकांची माफी मागायची. मनात अढी घेऊन मरियाआईसमोर उभं राहायचं नाही. शहाणी माणसं गळ्यात पडतात, "काही चुकलं असेल तर माफ कर" म्हणतात आणि मोकळी होतात. तू मात्र तपशील द्यायचीस. "एडमुंडभाऊ, माफ करा. तुम्ही गायला लागलात की कर्णा मीच बंद करायला लावते." एडमुंडभाऊंना आठ वर्षं वाटत होतं, कर्ण्याची तार सैल आहे. पुढच्या वर्षी ते आपला हिरवा गट सोडून निळ्या गटातून चालले.

"अगं, ज्याला ठाऊकच नाही त्याची माफी कशाला मागतेस?" मी विचारायचे.

"उघडकीला आल्यावर काय, कुणीही मागेल."

यंदा माझा नंबर लागला.

पंचवीस यात्रा मी सलग पायी केल्या होत्या. सव्विसाव्या वर्षी, सहाव्या दिवशी, माझ्या गुडघ्याची बातमी कुणीतरी औषधांच्या तंबूत पोहोचवली आणि मला सामानाच्या ट्रकमध्ये बसवलं. पोत्यासारखी पोत्यांवर. त्या सकाळी आपल्या गटातली लुत्सिना शेजारून चालत होती, "लंगडतेस का गं?" असं तिने विचारलंही होतं. झालं, चुगली तिचीच. चार वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. ट्रॅममध्ये ती दिसली की एक थांबा आधी उतरायचे, त्याच गुडघ्यावर.

आणि तू टेकडीवर म्हणालीस, "इर्मिना, माफ कर. तंबूत मी सांगितलं होतं. लुत्सिनाने नाही."

"आणि चार वर्षं गप्प बसलीस?"

"दर वर्षी सांगणार होते. दर वर्षी तू आधीच चिडलेली असायचीस."

"मी नाही माफ करणार."

"मग मी खाली उतरत नाही," म्हणालीस आणि गवतात बसलीस. नीट न बांधलेलं पार्सल तू बिशपसाहेबांच्या माणसालाही परत दिलं होतंस. तू बसलीस म्हणजे बसलीस. गट रांगेत लागला. कर्ण्यातून आवाज आला, "बर्चच्या झाडाखालच्या दोन ताई, हिरवा गट निघतोय."

माझी यात्रा तू मोडलीस, आता तुझी तिसावी माझ्या हातात होती. खरं सांगते, दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग तू बुटाची नाडी सोडायला घेतलीस, म्हणजे मुक्कामच ठोकणार होतीस.

"ऊठ. केलं माफ."

"मनापासून?"

"गुडघ्यापासून. ऊठ म्हणते ना."

"चालेल," म्हणालीस आणि नाडी बांधलीस. संध्याकाळी आईसमोर तू माझ्यापेक्षा जास्त रडलीस, तेही मी माफ केलं.

उतरतानाच ठरलं होतं की लुत्सिनाला खरं काय ते सांगायचं, दोघींनी मिळून. पुढच्या सोमवारी तू खसखशीचा केक घेऊन आलीस. तिच्या इमारतीसमोरच्या बाकावर आपण बसलो.

"तू वाजव बेल. चुगली तुझी."

"अबोला तुझा."

"तू मोठी आहेस."

"तीन महिन्यांनी."

वाद घालता घालता भूक लागली. केक संपला, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दोघी परत आलो. त्याला आता सात सोमवार झाले.